तीन बिंदू

"सरळ चला काका, पुढं सपाटी आहे," तंबूतून ऋजुता फोनवर म्हणाली. डोंगर धुक्यात बुडाला होता आणि मोजणीदार सुदामकाकांचा ठिपका तिच्या स्क्रीनवर, मोजलेले बिंदू जोडून बनवलेल्या नकाशातल्या त्रिकोणांच्या जाळीवरून सरकत होता.

"इथंच कुठंतरी खोल घळ आहे, पोरी. परवा दोरानं उतरून मी तिचे तीन बिंदू मोजलेत. पण तुला दिसत नाही, म्हणजे मागं राहिली असेल."

ऋजुतानं झटकन तो भाग स्क्रीनवर मोठा केला. ते बिंदू यंत्राची चूक समजून तिनंच पुसले होते आणि त्या जागी एकच मोठा त्रिकोण ताणला होता.

"काका, थांबा! जागचे हलू नका!"

फोनमध्ये दगड घरंगळले. मग काहीच ऐकू येईना. स्क्रीनवर काकांचा ठिपका त्या मोठ्या त्रिकोणाच्या मधोमध, सपाट जमिनीवर स्वस्थ उभा होता.