कोपराजवळचं रफू

डॉक्टरांनी लेसर मारून थोरलीच्या डोळ्याचा पडदा सांधला, पण सांधल्या जागीच नको त्या रक्तवाहिन्या उगवून नजर धुरकटली. "असं रफू मी केलं असतं तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलं असतं," ती म्हणायची. शेवटी दुकानातली खिडकीजवळची तिची खुर्ची धाकट्या जावेकडे गेली. जिला सुई धरायला हिनेच शिकवलं, तिचं कौतुक ऐकून हिच्या पोटात दुखायचं. धाकटीने रफू करून ठेवलेला कोट आज थोरलीने ओढून घेतला. "बघू तरी, काय दिवे लावलेत." बाहीवरचं भोक कुठे होतं तेच दिसेना. "कोपराजवळ, ताई." थोरलीने डोळे मिटून तिथे बोट फिरवलं. चाळीस वर्षं त्या बोटाने भल्याभल्यांचे चुकलेले टाके पकडले होते. इथे त्याला टाकाच लागला नाही. "जमलंय का?" धाकटीने विचारलं. "मला कुठे दिसतंय आता," म्हणत थोरलीने ते बोट मुठीत दडवलं.