ओलं गोणपाट

चाचणीच्या चौथ्या दुपारीही भाविकाच्या लॅपटॉपवर सुटलेल्या ओळींचा आकडा शून्यच होता.

"झालं की मग!" बंगळुरूहून तिचे वरिष्ठ हितेंद्रसर फोनवर जवळजवळ ओरडलेच. "संध्याकाळी सही करतो. तुझी योजना चिपमध्ये गेली असं समज."

या वाक्यासाठी भाविका दोन वर्षं झटत होती. मेमरी चिपचं दुखणं तसं साधं. तिच्यातली ओळ न् ओळ पाझरत्या माठासारखी असते. वेळेवर पुन्हा भरली नाही, तर साठवलेलं विसरते. म्हणून सगळ्याच ओळी सरसकट घाईने भरत राहायच्या, असा शिरस्ता. त्यात वीज फुकट जाते. भाविकाचं म्हणणं होतं, धडधाकट ओळी सावकाश भरा, कच्च्या ओळी घाईने भरा. एखादी धडधाकट ओळ उन्हात सुटलीच, म्हणजे साठवलेलं विसरलीच, तर चिपने ती स्वतः दुरुस्त करावी आणि कच्च्यांत टाकावी. ठिबक सिंचनाचे वॉल्व्ह उघडणारी, ही चिप बसवलेली डबी शेतात लहानशा सोलर पॅनेलवर चालवायची, तर एवढी काटकसर हवीच. पण कंपनीची अट कडक होती. वीसच्या वर ओळी सुटल्या, की योजना बंद. कायमची.

डबी वरणगावजवळच्या आपल्या केळीच्या मळ्यात आणायचा हट्ट तिचाच. ऐन मे महिना, पत्र्याची मोटारीची खोली. एसीत काय, कुणीही पास होतं!

आनंदाच्या भरात ती भर उन्हात मळ्याकडे निघाली. चार दिवस तिने घरी पंख्याखाली बसूनच आकडे बघितले होते. खोलीचं दार लोटलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. डबीवर ओलं गोणपाट होतं. नीट, चारही बाजूंनी खोचलेलं. त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

मागून तिची आई, सुमनबाई, बादली घेऊन आली.

"आई, हे काय?"

"गोणपाट. माठाले घालतो तसं. पहिल्या दिवशी हात लावला तं चटका बसला ना पोरी! तुझा एवढा जीव त्याच्यात, अन् ते बिचारं इथं उन्हात एकटं. मंग रोज भिजवत राह्यली."

आता बोला! हसावं की रडावं, भाविकाला कळेना. भिंतीवरचा तापमापक रोज पन्नाशीला टेकत होता आणि डबी मात्र गोणपाटाखाली मजेत होती. ती आईवर ओरडली. मग स्वतःवरच चिडली, कारण तापमापक भिंतीला न टांगता डबीला चिकटवावा, हे इंजिनीअर बाईंना सुचलं नव्हतं.

तिने तिथूनच हितेंद्रसरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"मी वर कळवून बसलोय, भाविका. उघडी ठेवलीस आणि फसली, तर सगळंच गेलं. गोणपाटाचं कुणाला कळणार आहे?"

"उन्हाला कळेल, सर. तुम्ही धुळ्याचे, तुम्हीच सांगा. लोकांच्या मळ्यात गोणपाट भिजवायला कोण जाणार आहे?"

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. "एक दुपार देतो. फक्त एक."

दुसऱ्या दिवशी भाविका स्वतःच पत्र्याखाली जाऊन बसली. तापमापक डबीला चिकटवला. सुमनबाईही आली आणि बादली पायाशी घेऊन दारात बसली. सवयच ती, गोणपाट बादलीत होतंच.

ऊन डोक्यावर आलं आणि पहिली ओळ सुटली. मग चार. मग नऊ. भाविका कपाळावरचा घाम पुसायचीही विसरली. चौदा. सतरा. आकडा थांबायचं नावच घेईना. एकोणीस झाल्या. कालचा तो ताठा कुठच्या कुठे पळाला. तिने बादलीत हात घातला.

"जरा वेळच," ती पुटपुटली.

सुमनबाईने तिचं मनगट धरलं.

"ठेव ते. तापू दे."

"आई, सगळं जाईल!"

"जाऊ दे. तू बंगळूरले गेली तव्हा तुले काय झाकून धाडलं व्हतं का मी?"

भाविकाने हात बाहेर काढला. दोघी त्या आकड्याकडे बघत बसल्या. एकोणीस. डबीवरचा पारा अजून चढला. एकोणीस. सुटायच्या त्या ओळी सुटल्या होत्या, कच्च्यांत जाऊन बसल्या होत्या आणि आता घाईने भरल्या जात होत्या. पत्रा कडकड वाजत होता. ऊन केळीच्या पानांवरून पलीकडे कललं, तरी एकोणीसच.

फोन वाजला. "किती?" हितेंद्रसरांनी विचारलं.

"एकोणीस. उघड्यावर," एवढंच तिला बोलता आलं. मग मात्र ती लहान पोरीसारखी हमसून रडायला लागली.

सुमनबाई उठली. तिने बादलीतलं गोणपाट पिळलं, झटकलं आणि लेकीच्या तापलेल्या डोक्यावर अलगद घातलं. चारही बाजूंनी, नीट.

"चार दिवस त्याले झाकलं," ती म्हणाली. "झाकायचं तुलेच व्हतं मले."