खालची खोली

शेजारची वृषाली घरांचे नकाशे काढते. आमच्या पाचोऱ्याच्या प्लॉटचा मोजणीचा नकाशा मी तिला झेरॉक्स काढून दिला. तो तिने कॉम्प्युटरवर घेतला, त्यावर छापलेल्या प्रमाणाने माप लावलं आणि घर काढून दाखवलं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि जिना एवढंच बसलं. झोपायची खोली वर गेली.

माझ्या बायकोचे, लिलाबाईचे, गुडघे धरलेले.

"उचलीसन वर लई जाशात का माले?" ती मला म्हणाली.

वृषालीने पुष्कळ खटपट केली, पण खाली जागा निघेना. शेवटी लिलाबाईच तिला म्हणाली, "राहू दे माय, मी हॉलमाच झोपसू."

बांधकाम सुरू होण्याआधीच लिलाबाई गेली.

या आठवड्यात वृषाली पाया आखायला प्लॉटवर आली. टेप धरून समोरची बाजू मोजली, तर ती नकाशातल्यापेक्षा जास्त भरली. झेरॉक्सवाल्याने नकाशा कागदावर मावावा म्हणून लहान केला होता. त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये आमचा प्लॉटही लहान आला होता. तिने तिथेच लॅपटॉप उघडून नकाशा खऱ्या मापाएवढा ताणला. जिन्याशेजारी एक खोली निघाली, चांगली खिडकीसकट.

"नाना, मी आधीच टेप लावायला पाहिजे होता," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "या खोलीवर काय लिहू?"



मी म्हटलं, "सामानाची खोली लिही. तिचं सामानच उरलंय आता."