अण्णांच्या बाजूचा ब्रेक

वडील शेजारी बसले की शलाकाच्या गाडीला दोन ड्रायव्हर होत. अर्ध्या कराडला गाडी चालवायला अण्णांनीच शिकवलं होतं, आणि शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. पोरीच्या गाडीत तो नव्हता. म्हणून अण्णा दर वळणाला मॅटवर पाय आपटायचे आणि शलाकाचा जीव अर्धा व्हायचा.

चिपळूणच्या लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी तिने शक्कल लढवली. भंगारातून ब्रेकचं एक पेडल आणून अण्णांच्या बाजूला नटबोल्टने पक्कं बसवलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"तुमच्यासाठी ब्रेक बसवून घेतलाय, अण्णा. वाटलं तर दाबा."

अख्खा कुंभार्ली घाट अण्णा चकार शब्द न काढता पेडल दाबत उतरले. पायथ्याशी म्हैस आडवी आली तेव्हा दोघांनी एकदमच ब्रेक मारला, आणि गाडी शेपटीपासून वीतभर अलीकडे थांबली.

"मी होतो म्हणून," अण्णा म्हणाले. शलाकाने हसू कसंबसं आवरलं.

कार्यालयापाशी उतरताना त्यांनी चपलेच्या टोकाने पेडल हलवून पाहिलं. "हे नुसतंच लावलंयस, ते पहिल्या वळणावरच कळलं मला."

शलाका ओशाळली. "मग घाटभर दाबत कशाला होतात?"

"एरवी माझा पाय हलला की तू दचकून माझ्याकडे बघतेस. आज रस्ता सोडून कुठेही बघितलं नाहीस." अण्णांनी टोपी सारखी केली. "परत जाताना मी मागे झोपणार आहे."