हेडफोन

लोणखेड्याच्या भाग्येशने हौसेपायी मेटल डिटेक्टर घेतला, तेव्हा उरलेल्या पैशांत एकच वस्तू बसत होती: हेडफोन, नाहीतर खोदायचं खास खुरपं. यंत्राचा आवाज ऐकून शेजारपाजारचे गोळा व्हायला नकोत, म्हणून त्याने हेडफोन घेतले. खुरपं काय, आईचं होतंच की!

बांधावरच्या ज्या निंबाखाली त्याची आई, दगूबाई, रोज दुपारची भाकर खायची, नेमकं तिथेच रविवारी यंत्र त्याच्या कानात वाजू लागलं. गुडघे टेकून त्याने अधाशासारखी माती उपसली. हाती आला चांदीचा एक चिमुकला वाळा. हेडफोन काढत तो हरखून वळला, तर मागे आई धापा टाकत उभी.

"माय, चांदी शे! यानी जोडी बी आठेच, याच खड्डामा व्हई."

"कव्हयनी हाका मारी ऱ्हायनू तुले," दगूबाई म्हणाली. वाळा तिने त्याच्या हातातून घेतला, पदराने पुसला. "जोडी शे ना. तुन्हा मोठा भाऊले आठेच मातीमा पुरेल शे, दोन्ही पायमा वाळा घालीसन."

वाळा खड्ड्यात ठेवून ती हातांनीच माती लोटू लागली. तिचं खुरपं तिला परत द्यायचंही भाग्येशला धाडस होईना.