दहा मिनिटांचं काम

त्याच्या गाडीतल्या हीटरचा पंखा बिघडला होता. चालला तर सगळ्यात वरच्या वेगावर, नाहीतर बंद. थंडीत तो बंद ठेवायची सोय नव्हती आणि सुरू केला की गाडीची पिठाची गिरणी व्हायची. "बारकासा रेझिस्टर जळलाय साहेब, दहा मिनिटांचं काम," मेकॅनिक म्हणाला होता. घरी येऊन आईला मात्र त्याने सांगितलं, "पार्टच मिळत नाहीये गं." कारण दर आठवड्याला तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेताना शेजारणीची सून, मामाचं जुनं भांडण आणि दुखरा गुडघा, हे तिचं सगळं बोलणं त्या घरघरीत परस्पर दळून निघायचं. त्याने फक्त अधूनमधून मान डोलवायची आणि "हो, बरोबर आहे तुझं" म्हणायचं. सौदा फायद्याचा होता.

शेवटी बायकोनेच त्याला न विचारता पंखा दुरुस्त करून आणला. त्या दिवशी गाडीत आईची धाप स्पष्ट ऐकू आली. ही कधीपासून लागतेय, हेही आपल्याला ठाऊक नाही, या विचाराने तो खजील झाला.

"आई, गप्प का गं? बोल की. आज सगळं ऐकू येतंय."

"बोलून झालं की रे," आई हसली. "डॉक्टरांनाही कळवून टाकलं, ऑपरेशन नको म्हणून. मला वाटलं होतं, तू आकांडतांडव करशील. पण गेल्या खेपेला विचारलं, तर शहाण्यासारखा म्हणालास, 'हो, बरोबर आहे तुझं.'"