एकेचाळीस टक्के ओलावा

गावच्या काउन्सिलकडून तपासणीला आलेल्या सेलाने लाकडाच्या ढलपीत ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया खुपसल्या आणि आकडा बघून भुवया उंचावल्या. "एकेचाळीस! काका, हे लाकूड आहे की पाण्यातून काढलेला स्पंज?"

कीथ रेनी शेगडीसमोरच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसले होते.

"पंचवीस टक्क्यांच्या वर ओलं असेल तर जाळायचं नाही. काउन्सिलचा नियम आहे. माहीत आहे ना?"

"आहे."

माहीत नसायला काय झालं! लाकडातलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस तिमारूच्या त्या अख्ख्या रस्त्यावर नव्हता. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, ही तयार आहे, हिला अजून एक उन्हाळा हवा. आणि गेले तीन आठवडे त्यांच्याच धुरांड्यातून निघालेला करडा धूर शेजारच्या अंगणात उतरून बसत होता. शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीला त्याने खोकला लागतो, अशी तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती. सकाळी ती शाळेला निघाली की कुंपणापलीकडून खोकला ऐकू यायचा आणि कीथना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"तिसरी तक्रार आहे, काका. शेगडी बंद करायचा कागद सोबत आणलाय मी. पण मला तशी हौस नाही. हे कुणी दिलं तुम्हाला? नाव सांगा. त्या माणसाला समज देऊ, चांगलं सुकं लाकूड आणा, विषय संपला."

"कुणी दिलं नाही. नदीच्या पात्रातून मीच वेचून आणलं."

लाकूड ब्राइसने आणलं होतं. ब्राइस त्यांचा एकुलता एक मुलगा, फेअरलीला राहणारा. मे महिन्यात, तिकडचा हिवाळा सुरू व्हायच्या तोंडावर, तो ट्रेलर भरून लाकूड घेऊन येई. दोघे मिळून ते रचत, चहा पीत, फारसं काही बोलत नसत. ऑगस्टमध्ये, थंडी सरत आली की, तो पुन्हा येई, ढीग किती उरलाय ते बघायला. वर्षातून एवढे दोनच दिवस. यंदा त्याने वाऱ्यात पडलेल्या एका झाडाचं लाकूड आणलं. झाड पडून दोन वर्षं झाली म्हणजे सुकलंच असणार, हा त्याचा हिशेब. अख्खं खोड फोडल्याशिवाय आतून सुकत नाही, हे कीथना पहिली ढलपी हातात घेताच कळलं होतं. ते तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं. मागे एकदा ब्राइसने लावलेलं फाटक तिरकं आहे असं ते सहज बोलून गेले होते, तर पोरगा तीन वर्षं फिरकला नव्हता. म्हणून तोंड मिटून ते ओलं लाकूड जाळत राहिले. ऑगस्टमध्ये ढीग संपलेला दिसायला हवा होता.

सेला गुडघ्यांवर बसली. "बरं, इकडे बघा. आधी या बारीक काड्या, अशा. खालची झडप उघडी ठेवायची. जाळ नीट धरला की मगच मोठं लाकूड."

सत्तर वर्षं शेगडी पेटवत आलेल्या माणसाने शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली. "असं होय," ते म्हणाले.

तिला त्यांची दया आली. "घरचं कुणी लक्ष ठेवणार असेल तर हा हिवाळा निभावून नेऊ या. मुलाचा नंबर आहे माझ्याकडे." ते नको नको म्हणेपर्यंत तिने फोन लावून टेबलावर ठेवलासुद्धा. स्पीकर चालू होता. धुराची तक्रार आणि नदीतून वेचलेलं ओलं लाकूड, सगळं तिने थोडक्यात सांगितलं.

"नदीतलं लाकूड?" ब्राइसचा आवाज खोलीभर झाला. "गुडघे धड नाहीत त्यांचे, ते कशाला जातायत नदीवर! अहो, ते लाकूड मी दिलंय. दोन वर्षं पडलेलं झाड, खडखडीत सुकं. ओलं असतं तर बाबांनी मला त्याच दिवशी झापलं असतं. कुणाची चूक सोडतील तर शपथ."

सेलाने हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मग कीथकडे. त्यांनी मान हलवली. नको. सांगू नको.

"म्हणजे पेटवण्यातच काहीतरी चुकतंय त्यांचं," ब्राइस म्हणाला. आवाज जरा उतरला होता. "आणि नदीबिदी काय सांगतायत! विसरायला लागलेत वाटतं. बाई, बंदच करा ती शेगडी. उद्या घर पेटवून घ्यायचे. भिंतीवर विजेचा हीटर लावून द्या. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"लाकडाची कटकटच नको आता. तुम्हालाही आणि मलाही. ऑगस्टमध्ये येणार होतो, ती खेप वाचली म्हणायची. राग नाही ना आला?"

"छे रे. राग कसला! लाकूड छान होतं तुझं."

फोन बंद झाला. सेला कागद हातात धरून तशीच बसून राहिली. तिच्या पिशवीत अशा कागदांची चळत होती आणि त्यातला एकही पुढे करताना तिला इतकं जड गेलं नव्हतं.

"काका, अजून वेळ गेलेली नाही. मी परत लावते फोन. कुठे चुकलंय ते एकदा सांगा त्याला. ऐकेल तो."

कीथनी तिच्या हातातून कागद घेतला, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.

"तो चाळीस वर्षांचा होईपर्यंत तेवढंच सांगत आलो त्याला," ते म्हणाले. "सही कुठे करू?"